दोस्तोव्हस्कीचा दाखला

सैन्यातल्या डॉक्टरने लिहिलेला एक कागद. तारीख 16 डिसेंबर 1857. ठिकाण सेमिपालातिन्स्क, म्हणजे इर्तिश नदीकाठचे सैबेरियाच्या टोकाचे लष्करी ठाणे, आजच्या कझाकस्तानात. बटालियनचे डॉक्टर येर्माकोव्ह यांनी एका अधिकाऱ्याची तपासणी करून नोंद केली की, वय 35, शरीरयष्टी मध्यम, 1850 साली पहिला झटका. झटक्यात किंचाळी, शुद्ध हरपणे, चेहऱ्याला आणि हातापायांना आचके, तोंडाला फेस, घरघरता श्वास, जलद आणि बारीक नाडी. कालावधी सुमारे 15 मिनिटे, त्यानंतर गळून जाणे. 1853 मध्ये झटका पुन्हा आला आणि पुढे तो दर महिन्याच्या अखेरीस येऊ लागला. शेवटी मत दिले की, हा माणूस लष्करी नोकरीला योग्य राहिलेला नाही.

आजच्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात अपस्माराच्या रुग्णाचा केसपेपर इतका नेटका लिहिला गेला, तर वरिष्ठ डॉक्टर खूश होतील. ना ईईजी, ना एमआरआय. फक्त नीट विचारलेला इतिहास आणि डोळ्यांनी पाहिलेले वर्णन. ज्याच्यासाठी हा दाखला लिहिला गेला, तो अधिकारी म्हणजे फ्योदोर दोस्तोव्हस्की. ‘क्राइम अँड पनिशमेंट’चा लेखक म्हणून जग त्याला ओळखते, पण ती कादंबरी यायला तेव्हा आणखी नऊ वर्षे होती. त्या दिवशी तो फक्त एक शिक्षा भोगून आलेला राजकीय कैदी होता, आणि सुटकेसाठी त्याच्या हातात या एका कागदाशिवाय फारसे काही नव्हते.

दोस्तोव्हस्कीचा जन्मच मुळी रुग्णालयाच्या आवारातला. 1821 साली मॉस्कोतल्या गरिबांसाठीच्या मारिन्स्की रुग्णालयात त्याचे वडील डॉक्टर होते आणि कुटुंब तिथल्याच निवासस्थानात राहत असे. आई क्षयाने 1837 मध्ये गेली, दोन वर्षांनी वडीलही गेले. मुलाला पीटर्सबर्गच्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात घातले होते. तिथले शिक्षण त्याने पुरे केले, वर्षभर नोकरी केली आणि 1844 मध्ये ती सोडून लेखणी धरली. 1846 मध्ये ‘पुअर फोक’ प्रसिद्ध झाली आणि तो एकदम नावारूपाला आला. झटके याच काळात सुरू झाले असावेत. त्याचा मित्र आणि डॉक्टर स्तेपान यानोव्हस्की याने पुढे आठवणींत तसे लिहिले आहे. पण त्या वेळी त्याला नाव कुणी दिले नाही. नसा कमकुवत आहेत, रक्त डोक्यात चढते, असल्या समजुतीवर उपचार चालले.

1849 च्या एप्रिलमध्ये पेत्राशेव्हस्कीच्या मंडळातला सदस्य म्हणून त्याला अटक झाली. बंदी असलेले लिखाण वाचणे, त्यावर चर्चा करणे हा गुन्हा. 22 डिसेंबरला सेम्योनोव्हस्की चौकात कैद्यांना मृत्युदंड वाचून दाखवला गेला, पहिल्या तिघांना खांबाला बांधले गेले, बंदुका रोखल्या गेल्या आणि मग झारची माफी आल्याचे जाहीर झाले. हा सगळा देखावा आधीच ठरलेला होता. प्रत्यक्ष शिक्षा म्हणजे चार वर्षे सक्तमजुरी, त्यानंतर साधा शिपाई म्हणून सैन्यात भरती, आणि सरदार घराण्याचे सर्व हक्क काढून घेणे.

ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षे त्याच्या पायांत बेड्या होत्या, वजन सुमारे चार किलो. झोपताना त्या पायांतच, आजारी पडला तरी पायांतच. पुढे या तुरुंगावर लिहिलेल्या ‘द हाऊस ऑफ द डेड’ या पुस्तकात त्याने लष्करी रुग्णालयातल्या कैद्यांचे वर्णन केले आहे. क्षयाने मरायला टेकलेल्या माणसाच्या पायांतल्याही बेड्या निघत नाहीत. हा माणूस पळून जाणार आहे का, असा साधा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडला नव्हता. त्याच रुग्णालयातले डॉक्टर ट्रॉइट्स्की कैद्यांशी माणुसकीने वागत आणि दोस्तोव्हस्कीला अधूनमधून खाट देऊन दगदगीतून सोडवत. तुरुंगात फटके मारल्यामुळे त्याला अपस्मार जडला अशी एक कथा सांगितली जाते. तिला भक्कम आधार नाही. 1854 च्या फेब्रुवारीत बेड्या निघाल्या, तेव्हा भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने अपस्माराचा शब्द वापरला खरा, पण झटके कधीतरीच येतात असे म्हणून विषय संपवला.

यापुढची पाच वर्षे सैबेरियन लाइन बटालियन क्रमांक 7 मध्ये गेली. कवायत, पहारा, बराकीतले आयुष्य. सुरुवातीला शिपाई, मग हळूहळू बढती, 1856 मध्ये सर्वांत खालच्या दर्जाचा अधिकारी. अधिकारी झाल्यावर लग्नाची वाट मोकळी झाली. मारिया इसायेव्हा ही एका मद्यपी सरकारी नोकराची विधवा. पदरी एक मुलगा. 6 फेब्रुवारी 1857 रोजी कुझ्नेत्स्कला लग्न झाले. नवरानवरी परत निघाली आणि वाटेत बर्नाउल गावी मुक्काम असताना दोस्तोव्हस्कीला मोठा झटका आला. नवी नवरी घाबरून गेली.

तिथल्या एका शिकलेल्या, जाणत्या डॉक्टरने पहिल्यांदा स्पष्ट सांगितले, हा खरा अपस्मार आहे, आणि एखाद्या झटक्यात घसा आवळून जीवही जाऊ शकतो. दोस्तोव्हस्कीने भावाला कळवले की इतकी वर्षे डॉक्टर त्याला हे केवळ नसांचे दुखणे आहे, जीवनमान बदलले की जाईल, असे सांगत आले. खात्रीने कळले असते तर आपण लग्न केले नसते, असेही त्याने लिहिले.

या पत्रातला दोष कुणाचा, हे नीट पाहायला हवे. मारियापासून त्याने आजार लपवला असे कुणी म्हणेल. पण जो आजार डॉक्टरांनीच त्याला नीट सांगितला नाही, तो तो कुणाला काय सांगणार? निदान गुळमुळीत ठेवायचे, रुग्णाला बरे वाटेल असे काहीतरी बोलायचे, ही डॉक्टरांची जुनी सवय. त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते, आणि बऱ्याचदा ज्याच्याशी लग्न झाले त्यालाही. मारिया आणि दोस्तोव्हस्कीचा संसार सुखाचा झाला नाही, त्याला कारणे अनेक होती. पण सुरुवातच बर्नाउलच्या त्या रात्रीने झाली.

त्याच वर्षी लंडनमध्ये चार्ल्स लोकॉक या डॉक्टरने काही अपस्मारी रुग्णांना पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण येतो असे सांगितले. अपस्मारावर खरोखर काही काम करणारे ते पहिले औषध. फेनोबार्बिटोन यायला 1912 उजाडले, फेनिटॉइन यायला 1938. सेमिपालातिन्स्कच्या बराकीत यातले काहीही पोहोचणार नव्हते.

तर येर्माकोव्हचा दाखला. 1857 च्या एप्रिलमध्ये दोस्तोव्हस्कीला सरदारकी परत मिळाली होती. तरीही नोकरी सोडायची तर परवानगी हवी आणि राहायचे कुठे यालाही परवानगी हवी. 1858 च्या जानेवारीत दाखला जोडून त्याने नवा झार दुसरा अलेक्झांडर याच्याकडे अर्ज केला. आजारामुळे निवृत्ती द्यावी आणि मॉस्कोला राहू द्यावे. उत्तर यायला चौदा महिने लागले. या चौदा महिन्यांत झटके चालूच होते आणि पहारेही. अपस्माराच्या माणसाला रात्रपाळी म्हणजे झटक्याला आमंत्रण. झोपमोड हे झटका येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण, हे आज वैद्यकशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. 18 मार्च 1859 रोजी निवृत्ती मंजूर झाली, पण पीटर्सबर्ग आणि मॉस्को ही दोन्ही शहरे बंद. राहण्यासाठी त्वेर हे गाव नेमून दिले.

ऑगस्टमध्ये तो त्वेरला पोहोचला. मॉस्को-पीटर्सबर्ग रेल्वे तिथून जात असे, त्यामुळे जिथे जाता येत नाही अशा दोन्ही शहरांच्या गाड्या रोज समोरून निघून जात. ऑक्टोबरात त्याने झारला पुन्हा अर्ज लिहिला. या अर्जात त्याने आपली बाजू मांडण्याच्या भरात आजार अगदी उघडा केला. प्रत्येक झटका स्मरण, कल्पना, मनाची आणि शरीराची ताकद काढून नेतो. या आजाराचा शेवट दुबळेपणात, मृत्यूत किंवा वेडात होतो. बायको आणि सावत्र मुलगा यांचे पोट त्याच्या लेखणीवर आहे. पीटर्सबर्गला जाणकार डॉक्टर आहेत, तिथे गेले तर निश्चित उपचार होण्याची आशा आहे. शेवटी त्याने सावत्र मुलाला सरकारी खर्चाने शाळेत घेण्याचीही विनंती केली. त्वेरचे गव्हर्नर बारानोव्ह आणि सेव्हास्तोपोलच्या लढाईने प्रसिद्ध झालेले जनरल तोत्लेबेन यांनी शब्द टाकला. डिसेंबर 1859 मध्ये दहा वर्षांनी तो पीटर्सबर्गला परत आला. पोलिसांची गुप्त पाळत मात्र पुढे कित्येक वर्षे सुटली नाही.

त्या अर्जाची भाषा वाचताना डॉक्टरला आणि वकिलाला दोघांनाही अवघडल्यासारखे होते. दाखल्यात जे लिहिले होते ते वैद्यकीय सत्य होते. अर्जात लिहिले ते त्याहून काळेकुट्ट. कारण कायद्यात आजारी माणसासाठी काही नव्हते, होती ती फक्त राजाची मर्जी. मर्जी मिळवायची तर दया आणावी लागते आणि दया आणायची तर स्वतःला वेडाच्या उंबरठ्यावर उभे करावे लागते. आजही नोकरीत हलक्या कामासाठी अर्ज करणारे रुग्ण हीच भाषा वापरतात. आपल्याला वर्षातून दोन झटके येतात, रात्रपाळी नको, उंचावरचे काम नको, बाकी सगळे जमते, असे सरळ लिहिले तर चालेल यावर त्यांचा विश्वास नसतो.

पीटर्सबर्गला येऊन त्याने भावाबरोबर मासिक काढले. 1863 मध्ये गरजू लेखकांना मदत करणाऱ्या निधीकडे त्याने कर्ज मागितले. कारण दिले की बर्लिनचे रोमबर्ग आणि पॅरिसचे त्रूसो या नामांकित डॉक्टरांना प्रकृती दाखवायची आहे. कर्ज मिळाले. प्रवासात जुगाराची टेबले मात्र नक्की पाहिली गेली. 1864 मध्ये मारिया आणि भाऊ मिखाइल दोघेही वारले, पुढे मासिक बुडाले आणि भावाची कर्जेही याच्या अंगावर आली.

1865 मध्ये स्तेल्लोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी त्याने जो करार केला, तो वाचला की कर्जबाजारी आणि आजारी माणसाला कसे कोंडीत पकडता येते ते कळते. 1 नोव्हेंबर 1866 पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षे त्याचे सगळे लिखाण प्रकाशकाला फुकट. महिन्यातून एकदोन झटके, प्रत्येकानंतर काही दिवस डोके बधिर, शब्द आणि नावे आठवत नाहीत, अशा माणसासाठी हा सापळाच होता. ऑक्टोबर उजाडला तरी पान लिहून झाले नव्हते. मित्रांच्या सल्ल्याने त्याने लघुलेखिका बोलावली. 4 ऑक्टोबरला अॅना स्नित्किना ही वीस वर्षांची मुलगी कामाला आली. पहिल्याच भेटीत, बोलणे सुरू होताच, त्याने तिला सांगून टाकले की आपल्याला अपस्मार आहे आणि नुकताच झटका येऊन गेला आहे.

बर्नाउलनंतर साडेनऊ वर्षांनी तो हे शिकला होता. सव्वीस दिवसांत ‘द गॅम्बलर’ सांगून झाली. मुदतीच्या दिवशी प्रकाशक गावाला गेल्याचे निघाले, तेव्हा हस्तलिखित पोलीस ठाण्यात जमा करून त्याने पावती घेतली. फेब्रुवारी 1867 मध्ये दोघांनी लग्न केले. काही दिवसांतच अॅनाच्या बहिणीच्या घरी जेवणानंतर बसलेले असताना तो किंचाळून कोसळू लागला. बहीण घाबरून पळाली. अॅनाने त्याला खांद्याला धरले, मधली खुर्ची आणि दिवा बाजूला सारला, हळूच जमिनीवर घसरू दिले आणि आचके थांबेपर्यंत त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली. आजही याहून फार वेगळे करायचे नसते: जागा मोकळी करावी, डोक्याला आधार द्यावा, आचके थांबताच कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, हातपाय दाबून धरू नयेत.

लग्नाच्या बाबतीत कायदे मात्र फार काळ मारियाच्या घाबरण्याच्या बाजूने उभे राहिले. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत अपस्मार असलेल्यांच्या लग्नाला बंदी होती, ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. जर्मनीत 1933 च्या सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्यात आनुवंशिक अपस्माराचे नाव होते. भारतात 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे वेडाचे किंवा अपस्माराचे झटके ही अट एकत्र आली. त्या आधारे लग्न रद्द करून घेता येई. वेड आणि अपस्मार एकाच वाक्यात, जणू एकाच पिशवीत. 1999 मध्ये अपस्मार हा शब्द हिंदू विवाह कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातूनही वगळण्यात आला. आज केवळ अपस्मार आहे म्हणून या कायद्यांखाली लग्न मोडता येत नाही. लपवून लग्न केले तर फसवणुकीचा मुद्दा निघू शकतो, तो वेगळा. म्हणून लग्न ठरवताना दोन्ही घरांना डॉक्टरसमोर बसवून सांगणे हाच खरा उपाय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांच्या यादीत अपस्माराचे नाव स्वतंत्रपणे नाही, आणि वाहन परवान्याच्या अर्जात तो प्रश्न आजही विचारला जातो. परवान्याच्या बाबतीत ते योग्यही आहे, कारण तिथे रस्त्यावरच्या इतरांचाही जीव आहे.

दोस्तोव्हस्की झटक्यांच्या तारखा वहीत टिपून ठेवत असे. हवामान कसे होते, चंद्र कोणत्या कलेचा होता, आधी किती जागरण झाले होते. आज रुग्णांना झटक्यांची डायरी ठेवायला सांगतात ती हीच. झटक्यानंतर दिवसेंदिवस मन काळवंडे, आपण काही मोठा अपराध केला आहे असे वाटे. ओळखीच्या माणसांची नावे आठवत नसत आणि लोक त्याला गर्विष्ठ म्हणत. ‘द डेमन्स’ लिहिताना तर झटक्यानंतर आपल्याच पात्रांची नावे विसरून त्याला आधीची पाने पुन्हा वाचावी लागली. झटक्याआधीचे काही क्षण मात्र कधीकधी अपार आनंदाचे असत, असे त्याने मित्रांना सांगितले आणि ‘द इडियट’मधल्या राजपुत्र मिश्किनला तोच अनुभव दिला. मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागातून उठणाऱ्या झटक्यांत असे विरळा घडते. फ्रॉइडने 1928 मध्ये हे सगळे वडिलांच्या मृत्यूच्या अपराधभावनेतून आलेले मानसिक झटके आहेत असे मांडले. येर्माकोव्हचा कागद नीट वाचणाऱ्या डॉक्टरला ते पटणे कठीण आहे.

16 मे 1878 रोजी त्याचा धाकटा मुलगा अल्योशा, तीन वर्षांचाही नसलेला, सकाळी सुरू झालेल्या आणि न थांबलेल्या झटक्यांत काही तासांतच गेला. पाच मिनिटांहून जास्त चाललेला झटका ही आज तातडीची बाब मानतात. नाकात फवारायचे औषध घरीच देता येते आणि रुग्णवाहिका बोलावली जाते. तेव्हा डॉक्टरजवळ द्यायला काही नव्हते. आपला आजार मुलाने घेतला, हे दोस्तोव्हस्कीच्या मनातून गेले नाही. त्याने पुढच्या कादंबरीच्या नायकाला मुलाचे नाव दिले.

त्याच कादंबरीत, ‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’मध्ये, त्याने स्मेर्द्याकोव्ह या नोकरालाही अपस्मार दिला. हा माणूस झटक्याचे सोंग घेऊन खुनाच्या रात्री संशयातून सुटतो, डॉक्टर झटका खरा मानतात आणि शिक्षा भलत्यालाच होते. मिश्किनसारखा साधू आणि स्मेर्द्याकोव्हसारखा खुनी, दोघांचा आजार एकच. ज्याने स्वतः हा आजार भोगला त्याने तो कपटाचे हत्यार म्हणून वापरावा, याचे काही वाचकांना वाईट वाटते. पण आजारी माणसाने चांगलेच असले पाहिजे, हाही एक अन्यायच.

28 जानेवारी 1881 रोजी, तेव्हाच्या रशियन पंचांगाप्रमाणे, फुप्फुसातून रक्तस्राव होऊन तो वारला. अपस्माराने नव्हे, बरीच वर्षे त्याची फुप्फुसे खराब झाली होती. वय 59. दोन दिवसांनी झार अलेक्झांडरने अॅनाला वर्षाला 2000 रुबल निवृत्तिवेतन मंजूर केले. या वेळी कुणी अर्ज केला नव्हता, आणि दाखलाही जोडला नव्हता.